ज्याचं समीकरण, त्याची कात्री

"चढव. अजून चढव. थांबलीस का?"

"दुखतंय हो!"

"दुखणारच. बोटं भिंतीवर कोळ्यासारखी चालवायची, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. तुझी गोगलगाय चाललीय."

माशीमावशी स्वयंपाकघराच्या भिंतीला नाक लावून उभी होती. उजव्या हाताची बोटं खांद्याच्या उंचीपर्यंत कशीबशी पोचली होती आणि तिथून पुढे जायला तयार नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या भाषेत तो खांदा गोठला होता. मावशीच्या भाषेत तो संपावर गेला होता. तिचे यजमान मागे चहाचा कप घेऊन सूचना देत होते. सूचना देण्यातच त्यांचा जन्म गेला होता, कारण ते लोकांना मोटार चालवायला शिकवत. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवून त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. घरातही त्यांचा एक पाय कायम ब्रेकवर असायचा.

"पुरे झालं आता," मावशी हात खाली घेत म्हणाली. "सरांकडे जाऊन यायचंय."

"सांगणार आहेस त्यांना?"

"सांगायलाच चाललेय."

"बघ बाई. मी म्हणतो, म्हातारा माणूस आहे, कापू दे की त्यांना. दोरा तर कापायचाय. त्यांना आनंद, तुझं काय जातंय?"

मावशीने डाव्या हाताने चप्पल सरळ केली. तिचं काय जातंय हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. पण काहीतरी जात होतं, आणि गेले आठ-पंधरा दिवस तेच तिला जेवू देत नव्हतं.

माशीमावशी हे नाव बहिणीच्या मुलांनी पाडलेलं. मुलं मोठी होऊन नोकऱ्यांना लागली, तरी नाव काही सुटलं नाही. मावशी एका संस्थेत कीटकांच्या उडण्याचं गणित मांडायची. पंख कुठल्या कोनात फिरतो, हवा त्याला किती ढकलते, आणि त्या ढकलण्याने मधलं अंग कसं डोलतं, याची समीकरणं. लग्नकार्यात कुणी विचारलं, की तिचा दीर न चुकता सांगायचा, "आमच्या वहिनी सरकारी पगारावर माश्या मारतात." मावशी सगळ्यांबरोबर हसायची. तिला खरंच राग येत नसे. नाकावर माशी बसू न देणारी माणसं वेगळी. हिने तर माश्यांना घरच दिलं होतं. बढत्या तिच्या बाजूने निघून गेल्या, बक्षिसं शेजारच्या खोलीत गेली, आणि ही आपली सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी रिकामा डबा आणि खडूने पांढरी झालेली बोटं घेऊन परत यायची. दिवस चांगला गेला का, असं यजमानांनी विचारलं तर बहुतेक दिवशी "चांगला गेला" म्हणायची, आणि तो गेलेला असायचा.

हे सगळं तिला सरांनी दिलं होतं. सर तिच्या विभागाचे जुने प्रमुख, आता निवृत्त. या विषयातली सरांची पद्धत साधी आणि देखणी होती. पंख इतक्या वेगाने फडफडतो, की त्या मानाने अंग फार संथ. मग एकेका फडफडीच्या मागे कशाला लागायचं? एका फडफडीत पंखाने जेवढा धक्का दिला त्याची सरासरी काढायची, आणि ती सरासरी अंगाला लावायची. डोंगराएवढं गणित मुठीत यायचं. सरासरी काढल्यावर काही बारीकसारीक पदं उरत. सर ती फळ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात लिहायचे, त्यांच्यावर 'कचरा' असं लिहायचे, आणि तास संपताना तो कोपरा तळहाताने पुसून टाकायचे. त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी तसंच केलं. पिढ्यान् पिढ्या कचरा पुसला गेला.

आणि याच पद्धतीवर कार्टी बांधली होती. कार्टी म्हणजे तळहातावर मावेल असं एक यंत्र. पतंगासारखे पंख, पोटात बोटाच्या पेराएवढी बॅटरी. दिव्याभोवती फिरणारा पतंग जसा फुलासमोर एका जागी तरंगत राहतो, तसं तिने तरंगावं अशी अपेक्षा. ती बनवली होती घड्याळजींनी. हे गृहस्थ पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, आता संस्थेच्या कार्यशाळेत होते, आणि कार्टी हे नाव त्यांचंच. "एक ऐकेल तर शपथ," असं ते म्हणायचे.

कार्टी उडायची नाही. म्हणजे पंख हलायचे, ती वर यायची, आणि मग नाक वर, नाक खाली असे गचके देत कोलमडायची. सरांचं गणित सांगायचं, की तरंगणारी वस्तू मुळातच पडणारी असते, तिला क्षणोक्षणी सावरायला हवं. म्हणून तिच्या पोटात, कल ओळखून पंखांकरवी तिला सावरणारी एक इलेक्ट्रॉनिक चकती बसवली होती. पडली, की सावरणं आणखी जोरकस करायचं. मग ती आणखी जोरात पडायची.

खोलीच्या मधोमध एक भलीमोठी मच्छरदाणी टांगलेली होती, यंत्र भिंतीवर आपटू नये म्हणून. मच्छरदाणीत कार्टी दोऱ्याला लटकवायची, पंख चालू करायचे, आणि दोरा कापायचा. तो कुणी कापायचा याचा नियम सरांनी घातलेला होता: ज्याचं समीकरण, त्याची कात्री. आणि पडलं, तर ज्याने कापलं त्यानेच वाकून उचलायचं. कार्यशाळेवर खापर फोडायचं नाही. सरांनी प्रत्येक वेळी स्वतः कापलं होतं आणि प्रत्येक वेळी स्वतः उचललं होतं. निवृत्तीनंतरही चाचणी असली की ते येत, गुडघा धरून वाकत, आणि "पुढच्या वेळी" असं म्हणत.

मग मावशीचा खांदा संपावर गेला. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचेना. डाव्या हाताने पुसायला गेली, तर सगळं फरफटायचं. म्हटलं, राहू दे. आधी लिहून ठेवलेला कचरा तसाच राहिला. रोज सकाळी खुर्चीत बसलं, की तो समोर. पाहुणा मुक्काम हलवत नाही म्हटल्यावर शेवटी त्याला विचारावंच लागतं, बाबा, तुझं काय म्हणणं आहे? मावशीने एका दुपारी सहज त्या पदांचा हिशेब करून पाहिला.

ती पदं बारीक होती, पण बिनकामाची नव्हती. तळहातावर उभी धरलेली काठी पडते. पण खालून तिला अतिशय वेगाने, बारीक बारीक वरखाली हलवत राहिलं, तर ती उभी राहू शकते. ते हलणंच तिला धरून ठेवतं. पतंगाच्या बाबतीतही तसंच काहीसं होत होतं. प्रत्येक फडफडीचा जो थरथराट सगळ्यांनी सरासरीत बुडवला होता, तोच त्याला थोडाफार सावरत होता. म्हणजे कार्टी त्यांना वाटत होतं तेवढी पडणारी नव्हतीच. तिला गरजेपेक्षा फार जोराने सावरलं जात होतं.

"म्हणजे माझा पहिल्या दिवसाचा विद्यार्थी," यजमान ऐकून म्हणाले होते. "गाडी जरा हलली, की गरागरा स्टिअरिंग फिरवतो."

मावशीने चूक सापडेल या आशेने ते गणित पुन्हा पुन्हा केलं. माणूस आपलंच गणित चुकावं म्हणून एवढा झटलेला यजमानांनी पाहिला नव्हता. चूक सापडली नाही. घड्याळजींनी नव्या समीकरणाप्रमाणे चकतीचं सावरणं अगदी हलकं केलं. दोऱ्यावर टांगलेली कार्टी पहिल्यांदाच शांत राहिली. अर्थात बांधलेल्या माशीवर कुणी विश्वास ठेवत नाही. सुटल्यावर काय करते ते खरं.

चाचणी उद्या सकाळी होती. घड्याळजींनी उत्साहाच्या भरात सरांना फोन करून टाकला होता: या वेळी नक्की, सर. नवं समीकरण कुणाचं, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. "ते मी कसं सांगू, ताई?" ते मावशीला म्हणाले होते. "तुम्हीच बघा. सांगायचं नसेल, तर माझ्या तोंडाला कुलूप."

सरांच्या घराचं दार काकूंनी उघडलं.

"ये गं, ये. बरी आलीस. तूच सांग आता ह्यांना काहीतरी. चार दिवस घर डोक्यावर घेतलंय."

सर आतून आले. हातात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हँगरसकट.

"हा बरा दिसेल ना गं? ही म्हणते निळा घाला."

"पांढराच छान आहे, सर."

"बघ! गणितवाल्यांना कळतं," ते काकूंना म्हणाले. मग मावशीकडे वळून, आवाज उगाचच खाली आणून म्हणाले, "तुला सांगतो, या वेळी मला खात्री वाटतेय. घड्याळजी म्हणाला, दोऱ्यावर हललीसुद्धा नाही. मी काय म्हणत होतो? पद्धत बरोबरच आहे, आकडे जमत नव्हते. जमले ना आकडे?"

"सर, त्याबद्दलच मी..."

"माझी कात्री धार लावून आणलीय ह्यांनी," काकू आतून ओरडल्या. "शिवणाची! आता मला सांगतायत, उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

सर लहान मुलासारखे हसले. मावशीने तोंड उघडलं, मिटलं, चहा प्यायला, खांद्याची विचारपूस ऐकून घेतली, आणि उद्या गाडी किती वाजता पाठवू, एवढंच विचारून उठली.

फाटकाशी आल्यावर तिला स्वतःचाच संताप आला. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. दोन शब्दांचं काम होतं. सर, ते समीकरण माझं आहे. पण हे दोन शब्द म्हणजे, सर, तुमचं चुकलं होतं, आणि ते ऐकून हँगरवरच्या शर्टाचं काय करायचं? तिचा सरांवर जीव होता. आणि तिला तो दोरा स्वतः कापायचा होता. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या. दुसरीची तिला जास्त लाज वाटत होती, आणि ती पुसलीही जात नव्हती.

"सांगितलंस?" यजमानांनी विचारलं.

"नाही."

"का? आता कुठे माशी शिंकली?"

"शर्ट दाखवला त्यांनी."

यजमान भाजी चिरत होते, ती चिरत राहिले. मग म्हणाले, "मी असतो तर सांगितलं नसतं. पण मी तू नाही, हेही खरं."

सकाळी मावशी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत गेली. चाचणीआधी सर फळा बघायचे. आधी समीकरण, मग कात्री. तिने एका विद्यार्थिनीकडून फळा पुसून घेतला होता. आता कोऱ्या फळ्यासमोर ती खडू घेऊन उभी होती. सरांचं जुनं समीकरण तिला झोपेतही लिहिता आलं असतं. ते लिहायचं, सर वाचतील, मान डोलावतील, कापतील. कार्टी उडाली तर त्यांचा जन्म सार्थकी लागेल, घड्याळजींच्या तोंडाला कुलूप आहेच. कुणाचंही काही बिघडत नव्हतं. फक्त फळ्यावर एक लिहिलेलं असेल आणि हवेत दुसरंच उडत असेल.

तिने उजवा कोपर डाव्या हाताने खालून उचलून धरला आणि लिहायला सुरुवात केली. तिच्या हातून आलं ते नवंच समीकरण. अक्षर वेडंवाकडं आलं, ओळ उतरत गेली, पण कंसातलं प्रत्येक पद तिने लिहिलं.

सर आले ते हसत, घड्याळजींच्या पाठीवर थाप मारत. चष्मा लावून फळ्यापाशी गेले. पहिली ओळ वाचून मान डोलावली. दुसऱ्या ओळीवर मान थांबली.

खोलीत चार-सहा माणसं होती. घड्याळजी उगाचच मच्छरदाणीची कड झटकायला लागले.

"हा कंस कुठून आला?" सरांनी विचारलं.

"कचऱ्यातून, सर."

"कोपऱ्यातला?"

"हो. माझा हात पोचेना पुसायला. म्हणून राहिला."

सरांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ओठ हलत होते. मावशीला वाटलं, आपण काय करून बसलो. काल यजमानांचं ऐकलं असतं तर या क्षणी सर कात्री घेऊन हसत उभे असते.

"फडफडीचं गणित मांडायला बसलो," सर अखेर म्हणाले, "आणि फडफडच पुसून टाकत होतो होय!" ते हसले. हसू खरं होतं, पण नेहमीपेक्षा लवकर संपलं.

"आम्ही सगळेच पुसत होतो, सर."

"पुसायला शिकवलं कुणी?"

सरांनी चष्मा काढला आणि मावशीकडे पाहिलं.

"काल घरी आलीस तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही शर्ट काढून ठेवला होता."

सरांनी आपल्या पांढऱ्या बाह्यांकडे पाहिलं, जणू तो शर्ट दुसऱ्याच कुणाचा होता. "अगं, बघायला येणाऱ्यानेसुद्धा बरा शर्ट घालायचा असतो," ते म्हणाले, आणि खिशातून काकूंची कात्री काढून मुठीकडून तिच्यासमोर धरली.

"सर, तुम्हीच कापा. खरंच. पद्धत तुमचीच आहे, मी नुसती..."

"नियम कुणी केला?"

"तुम्ही."

"मग?"

मावशीने कात्री घेतली. उजवा हात वर जाईना, म्हणून डाव्या हातात घेतली आणि मच्छरदाणीत शिरली. घड्याळजींनी बटण दाबलं. डाव्या हाताला कात्रीची सवय नव्हती. दोरा कात्रीच्या पात्यांतून नुसता सरकत राहिला. तेव्हा सरही आत शिरले आणि त्यांनी वरून दोरा चिमटीत ताणून धरला. "धरायला कुणाची ना नसते," ते म्हणाले. "हं. आता काप."

घड्याळजींनी बटण दाबलं. पंखांचा घूं असा आवाज चालूच होता. मावशीने डोळे मिटले, मग मिटायला नकोत असं वाटून उघडले, आणि कापला.

कार्टी एकदम वीतभर खाली आली. कुणीतरी "गेली!" म्हणालं. पण ती गेली नाही. तिथेच थांबली. किंचित डाव्या अंगाला झुकली, सरळ झाली, पुढे झुकली, सरळ झाली, आणि कुठल्याही आधाराशिवाय, मच्छरदाणीच्या मधोमध, मावशीच्या हनुवटीच्या उंचीवर तरंगत राहिली. पंख दिसत नव्हते, दिसत होती ती नुसती दोन बाजूंची धूसर झुळूक. तिचा वारा मावशीच्या चेहऱ्याला लागत होता. किती वेळ, ते कुणी मोजलंच नाही. ज्याच्याकडे घड्याळ होतं तोही आ वासून बघत होता. मावशीला इतकं सुख आयुष्यात क्वचित झालं होतं, आणि ते लपवायचं तिच्या लक्षातही आलं नाही.

बॅटरी संपत आली तशी कार्टी हळूहळू उतरली आणि जमिनीवर कलंडून गप्प झाली. सर सवयीने गुडघा धरून वाकले. अर्ध्यावर थांबले. मग सरळ होऊन बाजूला झाले. मावशी वाकली आणि तिने ती उचलली. पोटाशी ती ऊन ऊन लागत होती.

मग एकच गलका झाला. घड्याळजी डोळे पुसत सगळ्यांना शिव्या देत होते. कुणी चहा सांगायला पळालं, कुणी प्रमुखांना बोलवायला. मावशी व्हरांड्यात जाऊन फोनवर यजमानांना म्हणाली, "उडाली."

"उडाली? अगं मग रडतेस कशाला?"

"रडत नाहीये."

"बरं, नाही रडत. शेजारी एक बाई गाडी घेऊन खांबाकडे निघाल्यात, त्यांना थांबवतो आणि तुला फोन करतो. पण ऐक, मला फार बरं वाटलं."

ती परत आली तेव्हा खोली रिकामी झाली होती. सगळे चहाला गेले होते. सर मात्र फळ्यासमोर पहिल्या रांगेतल्या विद्यार्थ्यांच्या बाकावर बसले होते. बाक अरुंद होता, त्यांचे गुडघे पुढच्या फळीला लागत होते. कुणाकडून तरी त्यांनी कोरा कागद आणि पेन मागून घेतलं होतं.

"सर, चहा?"

"पिऊ नंतर. हे मला सांग. पहिल्यापासून."

"आत्ता?"

"तुला घाई आहे का?"

नव्हती. मावशीने खडू घेतला. तिने सरासरीपासून सुरुवात केली, तिथून उरलेल्या पदांकडे आली, काठीचं उदाहरण दिलं. सर खाली मान घालून लिहून घेत होते. अक्षर अजून मोत्यासारखं होतं, फक्त सावकाश पडत होतं. ती कंसापाशी पोचली, थरथराट अंगाला कसा धरून ठेवतो ते सांगितलं, आणि पुढच्या ओळीकडे वळली.

"थांब," सर म्हणाले.

त्यांनी कागदाकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं. बाहेर व्हरांड्यात घड्याळजी कार्टीची गोष्ट कुणाला तरी तिसऱ्यांदा सांगत होते.

"हे नाही कळलं मला," सर म्हणाले. "परत सांग."

मावशीने ओळ पुसली, आणि परत सांगायला लागली.